लाल दिवा, निळा दिवा आणि डोळ्यांची तारीख

आमची लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १४५० ग्रॅम. माझं बीपी वाढत गेलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, तालुक्याच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं आणि तिथे बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन, जमेल तेवढं थांबून सिझर केलं. इथवरची हकिगत पुष्कळ जणींची असते, ती सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते बाळ काचेच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये होतं त्या आठवड्यांबद्दल. तिच्या अंगात काय चाललंय हे त्या काळात आम्हाला बहुतेक वेळा सुई न टोचता, नुसत्या उजेडावरून कळत होतं. तो उजेड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेतल्यावरच मी तिथे जरा शांतपणे बसू शकले.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. शोषण, परावर्तन, तरंगलांबी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. तेच लेकीच्या तळपायाला बांधलेलं दिसलं तेव्हा प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची असं ठरवून टाकलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आणि सिस्टरांनी माझ्या प्रश्नांचा एकदाही कंटाळा केला नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

सगळ्यात आधी त्यांनी मला रक्ताचा हिशेब सांगितला. इतक्या लहान बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ९० मिली रक्त असतं. म्हणजे आमच्या लेकीच्या अख्ख्या अंगात १३० मिलीच्या आसपास, कपभर चहाएवढं. त्यातलं १ मिली तपासणीसाठी काढलं तर ते मोठ्या माणसाचं ३५-४० मिली काढण्यासारखं झालं. ऑक्सिजन, साखर, कावीळ, जंतुसंसर्ग, प्रत्येक गोष्टीला टाचेतून थेंब थेंब काढत राहिलं, तर नुसत्या तपासण्यांपायी बाळाला रक्त चढवायची वेळ येऊ शकते. हे ऐकल्यापासून न टोचता घेतलेल्या प्रत्येक आकड्याकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

जन्मल्याबरोबर ऑक्सिमीटरचा पहिला प्रोब, म्हणजे उजेडावरून रक्तातला ऑक्सिजन मोजणारी पट्टी, तिच्या उजव्या हाताला लावला होता. मला पडद्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, यंत्राचा टिक-टिक आवाज तेवढा येत होता. उजव्याच हाताला का, हे मी पुढे विचारलं. मॅडमनी केसपेपरच्या मागे हृदय काढून दाखवलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक जादा नळी उघडी असते, ती जन्मानंतर हळूहळू मिटते. उजव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी त्या नळीच्या अलीकडूनच निघते, म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे उजव्या हातावरून नीट कळतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. जन्मानंतर पहिल्या मिनिटाला चांगल्या ठणठणीत बाळाचंही सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, ६०-६५ टक्क्यांच्या घरात असतं, आणि ८५ ते ९५ पर्यंत यायला दहा मिनिटं लागतात. करोनात ९४ च्या खाली आकडा गेला की गाडी काढायची सवय लागलेल्या आपल्याला हे ऐकून धडकी भरते. पण नुकत्याच बाहेर आलेल्या जिवाचा तो नेहमीचाच चढ आहे.

पेटीत ठेवल्यावर प्रोब पायाला गेला. मऊ पट्टी, तिच्या एका टोकाला दोन बारीक दिवे, दुसऱ्या टोकाला उजेड टिपणारा ठिपका, आणि मध्ये बाळाचं पाऊल. एक दिवा लाल, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा. दुसरा ९४० च्या आसपासचा, अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. रात्री युनिटमधले मोठे दिवे मालवले की तिच्या तळव्याची कडा आतून लाल झालेली दिसायची. दर काही तासांनी सिस्टर ती पट्टी सोडून दुसऱ्या पायाला बांधत, कारण इतक्या कोवळ्या कातडीवर एकाच जागी पट्टी राहिली तर वळ उठतो, कधी भाजल्यासारखंही होतं. सोडलेल्या जागेवर त्या बोटाने हलकंसं चोळायच्या आणि नीट बघून घ्यायच्या.

यामागचं शास्त्र दहावीच्या पोराला समजेल इतकं सरळ आहे. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन बरोबर उलट वागतं. म्हणजे दोन्ही दिव्यांचा किती उजेड पलीकडे पोचला याची तुलना केली की ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मिळायला हवं. अडचण एवढीच की वाटेत कातडी आहे, चरबी आहे, हाड आहे, शिरांमधलं परतीचं रक्त आहे. हे सगळेच उजेड खातात. मग धमनीतल्या रक्ताचा वाटा वेगळा कसा काढायचा?

हे कोडं ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने सोडवलं. निहोन कोहदेन या कंपनीत ते हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजायच्या खटपटीत होते. त्यासाठी रक्तात रंग सोडून कानाच्या पाळीतून उजेड पाठवायचा. पण नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा वरखाली व्हायचा. तो घालवायच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आलं, की ही वरखाली होणारी लाटच तर धमनीची आहे. कातडी, हाड, शिरा ठोक्यागणिक बदलत नाहीत, बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. तेवढाच बदलणारा भाग दोन रंगांत मोजला की झालं. १९७४ साली त्यांनी ही कल्पना मांडली. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, म्हणजे साऱ्या जगातली माणसं बोटाला चिमटा लावून आकडा बघायला लागली होती, नेमक्या त्याच दिवसांत. मी शाळेत हा प्रसंग आता मुद्दाम सांगते. नको असलेली गोष्ट म्हणून जी गाळायची होती, तिनेच आजवर किती जीव राखले असतील.

हे समजलं आणि मॉनिटरकडे बघायची माझी पद्धतच बदलली. सुरुवातीला मी नुसता आकडा बघायचे. आकडा ७८ झाला, अलार्म वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. रात्रपाळीच्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्या एकदा शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “आई, आकडा मागनं बघायचा. आधी ती लाट बघा. लाट सरळ एकसारखी उठत असली तर आकडा खरा. वेडीवाकडी असली तर बाळानं पाय झाडलाय.” तेव्हापासून मी आधी लाट, मग बाळाचा रंग, मग छाती हलतेय का ते, आणि शेवटी आकडा असं बघायला लागले. पाय थंड पडला तरी लाट बारीक होते. काविळीसाठी लावतात त्या निळ्या दिव्याखाली बाळ असेल तर तो उजेड प्रोबमध्ये शिरूनही घोळ होतो, म्हणून सिस्टर पावलावर जाड फडकं गुंडाळून ठेवायच्या.

काही वेळा मात्र आकडा खराच असायचा. दिवस पूर्ण न झालेली बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. त्यासाठी कॅफिनचं औषध सुरू होतं, तरी अधूनमधून व्हायचंच. छाती थांबायची, मग नाडी मंदावायची आणि सॅच्युरेशन उतरायचं. यंत्र काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतं, त्यामुळे पडद्यावर उतरण दिसेपर्यंत सिस्टरांचा हात पेटीच्या खिडकीतून आत गेलेला असायचा. तळव्यावर दोन टिचक्या, पाठीवर बोट फिरवलं, की बाळ दचकून श्वास घ्यायचं. माणसाची नजर यंत्राच्या दोन पावलं पुढे असते, हे मी तिथे रोज बघितलं.

आणि मग एका सकाळी अलार्म वाजला तो आकडा ९७ असताना. मला काही उमगेना. ९७ म्हणजे चांगलंच की! सिस्टर आल्या आणि त्यांनी ऑक्सिजन कमी केला. मी जवळजवळ भांडायच्याच बेतात होते. मॅडमनी मला बसवून जे सांगितलं, ते मला वाटतं अशा प्रत्येक बाळाच्या आईबापांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

वरून ऑक्सिजन चालू असताना अशा बाळांचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवायचं असतं. ९५ च्या वर गेलं की रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन किती जादा झालाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही, कारण हिमोग्लोबिन भरत आलेलं असतं. आणि जादा ऑक्सिजन डोळ्यांवर उठतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात, कानाकडच्या कडेला पोचायला त्यांना जवळजवळ चाळीस आठवडे लागतात. बाळ आधीच बाहेर आलं की ती वाढ अर्ध्यावर अडते. त्यात ऑक्सिजन जादा झाला तर ती आणखी खुंटते. पुढे उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्यांसाठी हाकारे घालायला लागतो, आणि मग वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या आकसल्या की पडदाच ओढून काढतात. या आजाराला आरओपी म्हणतात.

१९४० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत पेटीतली बाळं वाचायला लागली आणि त्यातली कित्येक आंधळी होऊ लागली. कारण कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मेलबर्नच्या केट कॅम्बेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५१ साली जास्त ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग सगळीकडे ऑक्सिजन आखडता घेतला, तर बाळं दगावायला लागली. हा ताळमेळ अजूनही नाजूकच आहे. २०१० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सॅच्युरेशन ८५ ते ८९ मध्ये ठेवलेल्या बाळांना डोळ्यांचा त्रास कमी झाला, पण ९१ ते ९५ मध्ये ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. म्हणजे खाली जीव आणि वर डोळे, आणि मधली वाट जेमतेम पाच आकड्यांची. १९५० च्या दशकात ती वाट दाखवणारं यंत्र कोणाजवळ नव्हतं. आमच्या लेकीच्या पायाला ते बांधलेलं होतं. बिनाऑक्सिजनची, साध्या हवेवर असलेली बाळं ९८-९९ दाखवतात ते अगदी चांगलं, त्यांना वरची सीमा नसते, हेही मॅडमनी सांगितलं. नाहीतर पुढे तो आकडा बघून मी उगाच घाबरले असते.

तिसऱ्या दिवशी कावीळ चढली. आमची कातडी सावळी, त्यामुळे नुसतं बघून अंदाज येत नव्हता. सिस्टर कपाळावर, मग छातीवर अंगठा दाबून उचलायच्या आणि क्षणभर फिकट पडलेल्या जागेचा रंग बघायच्या. त्यानंतर रक्त तपासलं आणि निळे दिवे लागले. डोळ्यांवर काळी पट्टी, अंगावर फक्त लंगोट. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा तो निळा उजेड कातडीत शिरून बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याच्या रेणूचा आकार बदलतो, मग यकृतावर भार न पडता ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतं.

आईने कोवळ्या उन्हात धरायचा आग्रह धरला होता, आणि गावातल्या एकाकडून कावीळ उतरवून घ्यायचाही. आईला मी कधी दुखवलेलं नाही, तेव्हाही नाही. मी तिला उन्हाचीच गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात जीन वॉर्ड नावाच्या एक सिस्टर होत्या. त्यांचाही कोवळ्या उन्हावर आणि मोकळ्या हवेवर फार विश्वास. चांगली हवा असली की त्या बाळांना अंगणात न्यायच्या. १९५६ मध्ये एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग सगळं फिकट, आणि एक तिकोनी तुकडा पिवळाजर्द. चादरीचं टोक तिथे दुमडून राहिलं होतं. त्या धाग्यावरून शोध लागत १९५८ साली दिव्याखाली बाळं ठेवण्याच्या उपचाराचा लेख आला. “म्हणजे बायांना आधीच कळलं होतं,” आई म्हणाली, आणि ते खरंच आहे. फक्त दीड किलोच्या बाळाला उन्हात उघडं धरलं तर ते गारठतं, उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, आणि उजेडाचं माप आपल्या हातात राहत नाही. दिव्यात नेमका हवा तेवढाच रंग घेता येतो. आईला पटलं. उतरवून घ्यायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दिवे चालू असताना बिलिरुबिन रक्तातूनच बघावं लागलं. टाचेला टोचायचं, काचेच्या केसासारख्या नळीत थेंब ओढायचा. ती टाच बघवत नव्हती. एकदा मी बाजूच्या बाळाच्या कपाळाला एक टॉर्चसारखं यंत्र टेकवताना बघितलं. टेकवलं, चटकन पांढरा लखलखाट झाला, पुन्हा टेकवलं, असं करून सरासरी आकडा. बाळाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी विचारलं, आमच्या बाळाला हे का नाही?

मॅडमनी कारणं सांगितली. ते यंत्र कातडीत उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडात निळा किती कमी झाला, हिरव्याशी ताडून बघतं. बिलिरुबिन निळा खातं, त्यावरून अंदाज. १९८० मध्ये जपानमधल्या ओकायामाच्या डॉक्टरांनी यावरचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला होता. पण निळ्या दिव्याखालच्या बाळाची कातडी आधी निवळते, रक्त मागाहून. त्यामुळे यंत्र कमी दाखवतं आणि आपण गाफील राहतो. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला दिवे लावायचे की काढायचे, हा निर्णय रक्तावरच घ्यायचा. दिवे काढून दिवसभर उलटून गेल्यावर मात्र पुन्हा चढतंय का, याचा माग ठेवायला त्यांनी आमच्या बाळालाही ते यंत्र लावलं. छातीच्या हाडावर टेकवायचे, लखलखाट व्हायचा, ती गाढ झोपलेली. यंत्राचा आकडा वर झुकतोय असं दिसलं तेव्हाच एकदा रक्त घेतलं, आणि ते ठीक निघालं.

सावळ्या कातडीचा मुद्दा मी इथे मुद्दाम मांडते, कारण तो आपल्या सगळ्यांचा आहे. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ठीक दाखवतोय पण रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी आहे, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही उजेड खातं, आणि यंत्र कोणाच्या बोटांवर बेतून तयार केलं यावरही बरंच अवलंबून असतं. मॅडम म्हणाल्या, म्हणून एकटा आकडा कधी धरायचा नाही. बाळाचा श्वास, रंग, दूध घेण्याची ताकद आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, हे सगळं जुळलं पाहिजे. ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिन किती आहे हे कळत नाही. रक्त कमी असलं तरी आहे तेवढं ऑक्सिजनने भरलेलं असेल तर तो ९८ दाखवणार. फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय का, हेही त्याला कळत नाही. त्यामुळे सुया काही संपल्या नाहीत. पण जिथे टळू शकल्या तिथे टळल्या, आणि त्या टाचेकडे बघितलेल्या आईला एवढंही खूप असतं.

सीपॅप, म्हणजे नाकातून हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र, निघालं तसं कांगारू केअर सुरू झालं. छातीशी उघडं बाळ, वरून माझी शाल, बाहेर आलेली प्रोबची वायर. तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला की मॉनिटरवरची लाट किती एकसारखी व्हायची, ते मी तासन्‌तास बघितलंय.

घरी सोडायच्या वेळी नवऱ्याने सासऱ्यांच्या कपाटातला करोनातला ऑक्सिमीटर काढून आणला होता, सेल घालून. मोठ्या माणसाच्या बोटासाठीचा चिमटा तो. सिस्टरांनी तो तिथेच तिच्या अंगठ्याला लावून दाखवला. दोन्ही दिव्यांचा उजेड बोटातून जायच्या ऐवजी बाजूने निसटत होता, आकडा ८१, मग ९९, मग नुसत्या रेघा. त्याच वेळी पायाच्या प्रोबवर शांतपणे ९७. “घरी हे लावाल तर रात्रभर झोपणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी बघायच्या गोष्टी सांगितल्या. ओठ-जीभ निळसर होतेय का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, दूध ओढणं कमी झालंय का, अंग ढिलं पडलंय का. यातलं काहीही दिसलं तर सरळ निघून यायचं. चिमटा पुन्हा कपाटात गेला.

डिस्चार्ज कार्डावर एक तारीख लाल शाईने गोल करून दिली होती, डोळ्यांच्या तपासणीची. माझ्याच वॉर्डात एक बाई होत्या. त्यांच्या बहिणीचा मुलगा सातव्या महिन्यात झालेला, काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी. बाळ वाचलं, वजन धरलं, घरी आलं. डोळ्यांच्या तपासणीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पाचव्या-सहाव्या महिन्यात आईच्या लक्षात आलं, की पोरगं खुळखुळ्याकडे मान वळवतं पण तोंडाकडे बघत नाही. तोवर पडदा सुटून गेला होता. आज त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. हे ऐकल्यापासून आम्ही घरात ती तारीख कॅलेंडरवर, फोनमध्ये, देवघराच्या भिंतीवर सगळीकडे लिहून ठेवली.

आपल्याकडचा नियम असा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ झालं, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. २८ आठवड्यांच्या आतली किंवा १२०० ग्रॅमच्या आतली बाळं असतील तर त्याहून लवकर, दोन ते तीन आठवड्यांतच. बाळ बाहेरून कितीही चांगलं दिसत असलं तरी. या आजारात डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. आईबापांना कळण्यासारखं काहीच नसतं.

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. तिथे गेल्यावर आधी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा. तपासणीच्या आधी थोडा वेळ दूध द्यायचं नाही, नाहीतर उलटी होऊन श्वासात जातं. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, पायाला पुन्हा तो ओळखीचा प्रोब, कारण तपासताना नाडी मंदावू शकते. डोळा बधिर करायचे थेंब, साखरपाण्याचा थेंब जिभेवर, आणि पापण्या उघड्या ठेवायला तारेचा बारीक चिमटा. खोली अंधारी केली. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात जाड भिंग, आणि दुसऱ्या हातातल्या बोथट आकड्याने ते बुबुळ अलगद कडेला वळवत होते, पडद्याची पार कड दिसावी म्हणून. सुई कुठेच नाही. पण बाळाला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. ती जीव तोडून रडली. नवरा बाहेर गेला, मी तिचं डोकं धरून उभी राहिले. आपलं बाळ रडेल म्हणून कोणी ही तपासणी पुढे ढकलत असेल तर त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ते रडणं पाच-दहा मिनिटांचं असतं.

नंतर त्यांनी डोळ्यावर जेल लावून कॅमेरा टेकवून फोटोही घेतले आणि पडद्यावर आम्हाला दाखवले. नारिंगी रंगाचं मैदान, मधल्या फिकट चकतीतून निघून फांद्यांसारख्या पसरत गेलेल्या वाहिन्या, आणि एका जागी त्या थांबलेल्या. तिथे एक बारीक पांढुरकी रेघ. रेघेपलीकडे नुसतं करडं, वाहिनी एकही नाही. “ही रेघ म्हणजे स्टेज १,” डॉक्टर म्हणाले. “झोन २. वाहिन्या फुगलेल्या नाहीत. आज काही करायचं नाही. पण दोन आठवड्यांनी यायचंच.” झोन म्हणजे मध्यापासून कडेकडे मोजलेले पडद्याचे भाग, तिसरा सगळ्यात कडेचा. बऱ्याच बाळांची ही रेघ आपोआप विरून वाहिन्या पुढे सरकतात. ज्यांची पुढे चढते त्यांना लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन, आणि ते वेळेत झालं तर बहुतेकांची नजर राहते. पण वेळ म्हणजे महिने नव्हेत. त्या टप्प्यावर पोचलेल्या बाळाचा उपचार दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. म्हणूनच तारीख चुकवायची नाही.

ते दोन आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पुढच्या खेपेला फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. रेघ फिकट झाली होती आणि तीन-चार बारीक फांद्या तिला ओलांडून पलीकडच्या करड्या भागात उतरल्या होत्या. मी स्क्रीनजवळ जाऊन त्यातली एक फांदी बोटाने माग काढत बघितली, इथवर मागच्या वेळी नव्हती. डॉक्टर म्हणाले, “आता झोन ३.” त्यानंतर अंतर वाढत गेलं, आणि शेवटी कार्डावर दोन्ही डोळ्यांसमोर वाहिन्या पूर्ण झाल्याची नोंद झाली.

अशा बाळांना पुढे चष्मा किंवा तिरळेपणाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पहिल्या वाढदिवसाच्या आधी पुन्हा दाखवायला सांगितलंय. ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. आमच्या गावच्या आशाताईंना मी कार्डाची झेरॉक्स दिली आणि नियम मोठ्या अक्षरात लिहून दिला, ३४ आठवडे, २००० ग्रॅम, ३० दिवस. त्यांनी तो उपकेंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावलाय.